आईची मूठ

चिचगड, मंगळवार, १७ फेब्रुवारी १९५३

गोंदियाहून तसेच परत आलो. आईने इंजेक्शन घेतले नाही.

जांभई आली की तिचा जबडा निखळतो आणि बाबा अंगठ्यांना फडके गुंडाळून तो बसवतात. डॉक्टर इंग्रजी मिसळून हिंदीत बोलत होते. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून आईला समजावणे माझ्याकडे आले. कानापुढच्या सांध्यात सुई देतील, त्याने सैल सांधा आवळेल, बहुतेकांना गुण येतो. क्वचित एखाद्याच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. मी तेही सांगितले. गाळले असते तर ती फसवणूक झाली नसती का? आई लगेच खुर्चीवरून उठली.

बसमध्ये बाबा म्हणाले, "एवढं सांगाची काय गरज होती? शाळेत हेच शिकली का?" आई हनुवटीखाली मूठ धरून खिडकीबाहेर बघत होती. जांभईच्या धास्तीने ती आता मूठ काढतच नाही.

संध्याकाळी पेज पिताना मूठ तशीच, वाटी मी धरलेली. तिने हळूच विचारले, "तू असती त घेतली असती का सुई?"

"हो."

"मंग तवा काऊन नाही बोलली?"

डॉक्टरांचे सगळे सांगितले, माझे काहीच नाही. तिचे तोंड वाकडे झालेच असते तर बोल माझ्यावर येऊ नये, म्हणून?

पेज अर्धीच टाकून ती आडवी झाली. डोळा लागताच मूठ सुटली. डावा हात तिच्या हनुवटीखाली धरून हे लिहिते आहे.