मागच्या खोलीचं काय

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बहिणीचं मत वेगळं आहे, ते सोबत जोडलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. बँकेतली शिल्लक बहिणीला. ती मला तोंडावर पाठांतरमास्तर म्हणते, आणि ते खरं आहे.

कलम २. निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तरांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांना सन्मानपूर्वक परत करावं. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे.

कलम ३. हत्यारांची पेटी, भिंग, तराजू आणि मागच्या खोलीतल्या सगळ्या बरण्या पंपवालीला. ही पाण्याचे पंप दुरुस्त करते. एके काळची माझी विद्यार्थिनी. आठवीच्या प्रात्यक्षिकात तिने लिहिलं, पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळलं. मी लाल शाईने शंभर केलं आणि तीन गुण कापले.

"पण सर, तापमापीत सत्त्याण्णवच दिसतंय."

"पुस्तक शहाणं की तू?" मी म्हणालो.

आमचं गाव उंचावर आहे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं. तापमापीकडे मात्र कधी पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सहा वर्षांपूर्वी ती माझा पंप दुरुस्त करायला आली. गल्लीतली चार पोरं मागोमाग आत शिरली. तिने पंप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "पाणी वर कशाने चढत असेल रे?" मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "सर, सांगू नका ना. बघू द्या त्यांना." मला राग आला. पण पोरं दोन तास जागची हलली नाहीत. माझा वर्ग घंटा होताच रिकामा व्हायचा.

मी तिला मागची खोली दिली. दर रविवारी, दहा ते बारा. आता वीसेक मुलं येतात, मोठी धाकट्यांना घेऊन बसतात, आणि ज्याला उत्तर येतं त्याने गप्प राहायचं असा नियम आहे. तो सगळ्यात जड मला गेला. माझे विद्यार्थी गुणवत्ता यादीत आले. तिची मुलं डबक्यावर ओणवी होऊन घरी जायचं विसरतात. मला तिचा अभिमान वाटतो, थोडा हेवाही. समोरासमोर बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

कलम ४. घर. मुलगा दूर राहतो आणि त्याला घर विकायचं आहे. विकलं की वर्ग बंद, कारण त्या मुलांना दुसरी जागा नाही. म्हणून मागच्या मृत्युपत्रात मी खोली पंपवालीच्या नावे केली होती. तिने कागद वाचून परत दिला. "घर दादाचं आहे, सर. त्याच्याकडून काढून नका घेऊ. त्याला एका रविवारी इकडे बोलवा."

सबब संपूर्ण घर, मागच्या खोलीसह, मुलाला देत आहे. अट नाही. वकील म्हणाले, "अट घाला, नाहीतर खोली गेलीच म्हणून समजा. विनंतीला कायद्यात किंमत नाही." नसू दे.

बाळा, तू सात वर्षांचा असताना विचारलं होतंस, चंद्र आपल्या बसबरोबर का धावतो. मी म्हणालो, पुस्तक वाच, कळेल. त्यानंतर तू मला काहीच विचारलं नाहीस. चूक माझी होती. विकण्याआधी एका रविवारी ये आणि धाकट्यांच्या बाकावर बस. तुला कोणी काही समजावणार नाही. मग जे वाटेल ते कर. तू काय करावंस याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी ते लिहिणार नाही.

सही: निवृत्त विज्ञान शिक्षक

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली:
१. डॉक्टर
२. वकील (अट नसल्याबद्दल नाराजी नोंदवून)

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १२ जानेवारी, रविवार, सकाळी पावणेदहा. मुलं दाराशी आली आहेत.