दारातून न निघालेला जिना

मी, खाली सही करणारा, तांत्रिक शाळेतील निवृत्त वेल्डिंग शिक्षक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. पत्नीचा दबाव लग्नापासूनचाच आहे, तो यात धरू नये.

१. राहते घर, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व वस्तू पत्नीच्या. तिच्यानंतर घर मुलाचे. त्याने ते विकू नये असे मी लिहीत नाही, कारण तो माझे आजवर कधी ऐकत आलेला नाही.

२. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि सर्व पकडी माझी जुनी विद्यार्थिनी 'टाचणी' हिला. अंगाने बारीक म्हणून वर्गाने हे नाव ठेवले. आज तिचे स्वतःचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. माझे हेल्मेट मात्र तिने वापरू नये, काच तडकलेली आहे.

३. सुतारकामाच्या मास्तरांना काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणूनच त्यांना साक्षीदार केले. माझ्या वर्गातली मुले स्टुलापलीकडे काही बनवत नाहीत, असे ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणत.

४. शाळेच्या वर्कशॉपमधील लोखंडी जिना. मास्तरांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलांनी काय बनवायचे ते मीच ठरवत असे: स्टूल, चप्पल-स्टँड, खिडकीची जाळी. चुकले तरी लोखंड फार वाया जाऊ नये, एवढाच विचार. निवृत्तीच्या वर्षी मात्र म्हटले, या वेळी तुम्ही निवडा. कोणी फाटक म्हणाले, कोणी बास्केटबॉलचा खांब. मग टाचणी म्हणाली, "सर, काकूंसाठी जिना करू या. त्या कुंड्या घेऊन शिडीवरून तुमच्या गच्चीवर चढतात ना, एखाद दिवशी पडतील." वर्ग एका सुरात हो म्हणाला.

मुलांनी जिवाचे रान केले. जोड असे उतरले की मी त्यांवरून नुसता हात फिरवत बसे. शेवटची पायरी जोडून झाली आणि मास्तर टेप घेऊन दाराशी उभे राहिले. "जिना झकास झालाय," ते म्हणाले, "आता त्याच्याभोवतीची शाळा तेवढी उचला." इंच इंच मोजून जिना केला, पण दार कोणीच मोजले नव्हते.

पत्नी म्हणाली, "मधून कापा, बाहेर आणून जोडा. त्यात काय एवढं?" तिचे बरोबर होते. पण मुलांचे ते पहिले निर्दोष जोड. कापायला हात धजेना. दार रुंद करून द्या म्हणून मी शाळेत खेटे घातले. मुख्याध्यापक "बघू" म्हणत राहिले आणि इकडे तिचे गुडघे गेले. आता जिना आला तरी ती चढू शकत नाही. गच्चीवरच्या कुंड्यांत नुसती माती उरली आहे. याचे मला फार वाईट वाटते, आणि ते वाटणे कोणाच्या नावावर करता येत नाही.

वर्कशॉपच्या जागी पुढेमागे संगणकाची खोली होणार असे ऐकतो. जिना भंगारात जाऊ नये म्हणून इथे मी लिहिले होते, की माझ्या पश्चात टाचणीने तो कापावा आणि पायऱ्यांचे एक बाक करून पत्नीसाठी अंगणात ठेवावे. तेवढे पत्नीला वाचून दाखवले.

"तुमच्या पश्चात?" ती म्हणाली. "म्हणजे बाकावर मी एकटीनं बसायचं?"

'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले. म्हणून ही दुरुस्ती: बाक दोघांना पुरेल असे करावे. बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम चार उद्या सकाळी. टाचणीला फोन केला आहे. पहिला काप मी स्वतः घेईन.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : नऊ फेब्रुवारी

सही : निवृत्त वेल्डिंग शिक्षक

साक्षीदार :
१. सुतारकामाचे मास्तर (कलम तीनबद्दल निषेध नोंदवून; उद्या टेप घेऊन येतो)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत याची खात्री करून)