चौदाव्या मजल्यावरची किल्ली

नोएडा,
१४ नोव्हेंबर

आदरणीय कमलाताईस,
धाकट्या दादारावचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे, भाऊजींची शुगर आणि अंगणातलं सीताफळ या तिघांची प्रकृती बरी असेल, अशी आशा करतो. माझी उत्तम आहे; फक्त मी अधूनमधून फिरतो. बाहेर नव्हे, जागच्या जागी. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण भाऊजी स्पीकर लावतात आणि मग अख्खी अमरावती ऐकते.)

ऑगस्टमध्ये एका सकाळी सहाला मी कुशीवर वळलो आणि खोलीनेही कूस बदलली. तीस वर्षं दिल्लीकडे काढलेला माणूस अशा वेळी कानाचा विचार करत नाही. इथे जमीन वरचेवर हलते, त्यामुळे आधी पंखा बघायचा आणि मग जिना गाठायचा, हे अंगवळणी पडलेलं. पंखा फिरताना दिसला (तो चालूच होता, हे नंतर सुचलं). भिंती धरत मी मजल्यावरच्या सगळ्या घंटा वाजवल्या, "भूकंप है, नीचे चलो!" म्हणून ओरडलो आणि अर्धी सोसायटी बनियनवर खाली उतरवली. भूकंप कुणाच्याच फोनवर नव्हता. तेव्हापासून लिफ्टमध्ये मी 'भूकंप अंकल'.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आतल्या कानात खडूच्या भुकटीसारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या नळीत घुसले की मान वळवताच घरंगळतात, आणि आपण गरगर फिरतोय अशी खोटी वर्दी मेंदूला जाते. (आपल्या ऑफिसच्या भाषेत, बदलीचा आदेश नसताना दुसऱ्या खात्यात जाऊन बसलेले कर्मचारी.) पलंगावर आडवं होऊन डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं, म्हणजे ते मूळ जागी परततात. बाईंनी दोनदा करून दिलं, घरी करायला शिकवलं, पण सोबत कुणीतरी हवं म्हणाल्या. सोबत कुठून आणू? तुझी भावजय लुंबिनी जाऊन दोन वर्षं झाली.

मग कान की भूकंप याचा निवाडा करायला मी साक्षीदार टांगला. दिवाणखान्यात भिंतीजवळ छताला हुक आहे. त्याला दोरा, दोऱ्याला लुंबिनीच्या कपाटाची पितळी किल्ली, आणि मागे भिंतीवर पेन्सिलीची उभी रेघ. सगळं फिरत असताना किल्ली रेघ सोडते का, एवढंच बघायचं. सोडली तर भूकंप, नाही तर कान. दोन महिने व्यवस्था चोख चालली.

परवा मंगळवारी दुपारी खिडक्या बंद होत्या. (बाहेर धुरकं इतकं, की वरून ना जमीन दिसते ना आभाळ, नजर टेकवायला काहीच उरलेलं नाही.) मी चहा घेऊन बसलो होतो. डोकं स्थिर, चहासुद्धा स्थिर. आणि किल्ली हलायला लागली. सावकाश, जाता जाता कुणाचा खांदा लागावा तशी. मी शंभरपर्यंत मोजलं, तेव्हा थांबली. भीती वाटली ताई, सरळ सांगतो. विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस मी, माझा भुतांवर विश्वास नाही. लुंबिनीचाही नव्हता, त्यामुळे ती असलं काही करेल हेही पटत नाही.

आज सकाळी उलटंच झालं. खोली गरगरली, कपाटाचं दार वाजलं, पण किल्ली रेघेवर ठाम. म्हणजे कान! मी शहाण्यासारखा आडवा झालो आणि मान वळवत राहिलो. दहा मिनिटांनी दारावर धडाधड थापा. गार्ड होता, चेहरा पांढराफटक. "अंकल, आप ऊपर ही थे? भूकंप था! सब नीचे खड़े हैं." ओट्यावरचे दोन कप खाली फुटून पडले होते. सगळं नोएडा हललं आणि ती किल्ली तेवढी हलली नाही, कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी. भूकंपात मी जिन्याकडे धावू नये म्हणून लुंबिनी माझं मनगट असंच धरायची. या कानासकट आज चौदा मजले उतरलो असतो, तर वाटेत कुठेतरी नक्की कोसळलो असतो.

सोसायटीच्या ग्रुपवरून बातमी हैदराबादला सिद्धांतपर्यंत पोचली. महिनाअखेरीस तो येतोय. फ्लॅटला कुलूप आणि मी त्याच्याबरोबर, हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. मुलगा गुणाचा आहे, सूनबाई जीव लावते. पण मला इथून जायचं नाही ताई. का, ते त्याला सांगता येत नाही. तुला वर सांगितलंच आहे.

भाऊजींना जयभीम. हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझा,
दादाराव

ता.क. : सिद्धांतच्या आधी येशील का? महिनाभर राहा. घरात माणूस आहे म्हटल्यावर तो मला नेणार नाही. मान वळवताना माझं डोकं धरायचं, एवढंच काम. गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे.

पुन्हा ता.क. : किल्लीशेजारी आता दुसरा दोरा बांधलाय, त्याला माझ्या जुन्या स्कूटरची किल्ली. दोन्ही हलल्या तर भूकंप, दोन्ही स्थिर तर कान. हे लिहितोय तेव्हा लुंबिनीची एकटीच हलतेय. तेव्हा तिकिटाची घाई करू नकोस. घरात माणूस आहे.