कव्हरखालचा सर्व्हर

४ एप्रिल २००५, सोमवार
लॅबमधल्या मुलांनी प्राचार्यांकडे तक्रार केली: फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. प्राचार्य म्हणाले, मॅडम, शनिवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत सुधारणा नसेल तर सर्व्हरचा चार्ज लॅब असिस्टंट केदारकडे द्यावा लागेल. म्हणून हे लिहीत आहे. मी पंचाहत्तरची एम.एस्सी., स्टॅटिस्टिक्स. केदार तेव्हा जन्मलाही नव्हता.
केदारचं निदान: सर्व्हर तापतो, कव्हर काढू या. निळं कव्हर मी स्वतः शिवलंय. मागे वायरींपुरती फट ठेवलीय. घरी मिक्सरलाही कव्हर आहे. बारा वर्षांत बिघडला नाही. वापरत नाही, हा मुद्दा वेगळा.

५ एप्रिल
सर्व्हरवरच्या फाइल लॅबपर्यंत पोचवायच्या दोन पद्धती, सांबा आणि एनएफएस. आपल्याकडे सांबा. सकाळी कव्हर उन्हात टाकून एनएफएस लावलं. फाइल झरझर. निकाल लागला!
दुपारी कव्हर घातलं. पुन्हा गोगलगाय. मुलंच आळशी.

६ एप्रिल
एका खेपेला जाणारा डेटा आठ केबीवरून बत्तीस केला. दिवसभर वाऱ्यासारखं काम. केदार म्हणतो, मॅडम, आज कव्हर धुवायला गेलंय. योगायोग. स्टॅटिस्टिक्स न शिकलेल्यांना योगायोगात कारण दिसतं.

७ एप्रिल
कव्हर इस्त्री करून घातलं. वेग पुन्हा गेला. आता शेवटचा उपाय: डेटा डिस्कवर लिहिण्याआधीच सर्व्हरने 'सेव्ह झालं' सांगायचं. पावती आधी, माल मागून. केदार म्हणाला, मध्येच बंद पडला तर मुलांचं काम जाईल. म्हटलं, वीज गेली तर यूपीएस आहे. शुभ बोल.

८ एप्रिल
उद्या बाहेरचे परीक्षक. कव्हरला दुहेरी अस्तर लावलं.

९ एप्रिल, शनिवार, दुपार
ऐन प्रॅक्टिकलमध्ये सर्व्हर बंद. हात लावला, तवा. मुलांच्या स्क्रीनवर 'सेव्ह झालं', डिस्कवर काही नाही. एक मुलगी रडली. परीक्षक आत डोकावून म्हणाले, अहो, गोधडीत कुणाला झोपवलंय? परीक्षा सोमवारी पुन्हा.
परीक्षकांना एनएफएसमधलं फारसं कळत नसावं.

११ एप्रिल, सोमवार
केदारने माझं सगळं ट्यूनिंग पुसून पुन्हा सांबा लावला. कव्हर घातलं नाही. परीक्षा सुरळीत. माझ्या बत्तीसचा गुण अजून मशीनमध्ये उरला असणार.
संध्याकाळी चार्ज दिला:
सर्व्हर रूमची किल्ली, एक.
पासवर्ड, बंद पाकिटात.
कव्हर, निळे, दुहेरी अस्तराचे, एक. घेणाऱ्याने नाकारले.
शेरा: यूपीएसला मापात बसते.