खिडक्यांची मापं

विंडवर्ड, कॅरियाकू
१२ ऑक्टोबर

प्रिय अन्सेल्म,

तुझं पत्र पोचलं. तू आणि मर्ल, दोघंही नवराबायको बरे आहात हे वाचून जीव खाली पडला. माझं ठीक आहे, गुडघा सोडला तर. हडर्सफील्डला थंडी सुरू झाली असेल. छाती झाकून बाहेर पडत जा. तिथल्या धुक्यात माणूस कधी आजारी पडतो ते कळतही नाही, असं ऐकून आहे.

नाताळाच्या आधी तुम्ही दोघं कायमचे घरी येणार, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग शेजारच्या मिस उर्सिलाकडून वाचून घेतलं, न जाणो माझाच अक्षरांचा काही घोटाळा होत असेल. ती म्हणाली, "अरे, कागद झिजेल! भाऊ येतोय तुझा. आता तरी दाढी कर, नाहीतर बोटीवरूनच परत फिरेल." मर्लने पडद्यांसाठी खिडक्यांची मापं मागितली आहेत. ती कळवतोच.

आधी इथल्या हवेचं सांगतो. ऑगस्टातलं वादळ होऊन गेलं, पण वादळांचे दिवस अजून सरलेले नाहीत. मी रोज सकाळी चढावर जाऊन पूर्वेकडे बघून येतो. बघून काय होणार, पण बघितल्याशिवाय चहा उतरत नाही. उकाडा असा, की वाऱ्याला कुणी दावणीला बांधून ठेवलंय असं वाटावं. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. अशा दुपारी आपण आंब्याखाली पडायचो आणि आई तुरीच्या शेंगा सोलायला लावायची, आठवतं? यंदा सावलीच नाही. वादळाने झाडं ओरबाडून नागवी केली, आणि आता त्यांना एकदम कोवळी पालवी फुटली आहे. आंब्याला मोहोरसुद्धा, ऑक्टोबरात! मला ते बघवत नाही. झाडालाच महिना कळेनासा झाला, तर माणसाने कुणाला विचारायचं?

लहानपणचं ते मोठं वादळ मला हल्ली फार आठवतं. आईने शेळी घरात घेऊन पलंगाच्या पायाला बांधली होती. वाऱ्याकडची खिडकी बंद, पाठीमागची उघडी, म्हणजे घराला श्वास घेता येतो, असा तिचा नियम. मग मधेच ती शांतता आली, आणि सगळ्यांनी कान टवकारले, कारण आता वारा उलट बाजूने येणार. तू मागच्या खिडकीशी, मी पुढच्या. आई ओरडली, "आता!" तू लावलीस, मी उघडली, एका दमात. तुझं बोट चेमटलं होतं. आईला दिसू नये म्हणून तू शेळीच्या पाठीत तोंड खुपसून रडलास. मी बघितलं होतं, पण बोललो नाही. सकाळी गावात कितीतरी घरं बसली होती, आपलं उभं होतं. आई सगळ्यांना सांगत होती, "माझ्या दोन पोरांनी राखलं."

तू विचारलंस, या वेळी घराला काही झालं का. मागच्या पत्रात लिहिलं होतं, छपराचे चार पत्रे हलले म्हणून.

काल लिहिता लिहिता इथेच थांबलो. उर्सिला दिवा मागायला आली. दिवा तिचा, टेबल तिचं, ओसरीही तिची. वादळापासून मी तिच्याकडेच राहतो.

अन्सेल्म, मापं पाठवता येत नाहीत. खिडक्या नाहीत. घर नाही.

मधली शांतता आली तेव्हा मी मागची खिडकी लावली. कडी गंजलेली, ती बसेना. मग पुढच्या खिडकीकडे निघालो, पण गुडघा ऐकेना. अर्ध्या खोलीत होतो आणि वारा फिरला. भांड्यावरचं झाकण उचलावं तसं छप्पर गेलं. मी पाण्याच्या टाक्यात उतरलो म्हणून तुला लिहितो आहे.

घरं बघायला ग्रेनाडाहून एक इंजिनिअर पोरगी आली होती. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, कुठलीच खिडकी उघडायची नसते. आणि इतक्या जुन्या छपराला तुम्ही एकटे काय, दहा जण असता तरी ते गेलंच असतं."

मी म्हटलं, "आमचं एकदा राहिलं होतं."

"मग तुमचं नशीब चांगलं होतं, काका."

उर्सिला म्हणाली, "ऐकलंस? सुटलास! आता तरी रात्री नीट झोप, मलाही झोपू दे."

पण मी सुटलो नाही रे. त्या पोरीचं खरं असेल, तर आईचं ते "आता!", तुझं बोट, आपलं ते धावणं, सगळं उगाच होतं. त्यापेक्षा माझ्या उशिरामुळे घर गेलं, हेच मला बरं वाटतं. उर्सिला म्हणते, असा मूर्ख तिने जन्मात पाहिला नाही.

घर नाही हे कळलं तर तुम्ही येणार नाही, म्हणून लपवलं. मर्लला तूच सांग, जरा बेताने. पायाचे दगड जागेवर आहेत. उर्सिलाची पुढची खोली रिकामी आहे. गळते, पण एकाच कोपऱ्यात.

येणार नसलास तर लवकर कळव, नाहीतर मी प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन उभा राहीन आणि लोक हसतील. नाही आलास तरी मी रागावणार नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण एक खोटं आत्ताच निस्तरलं आहे, दुसरं कशाला लिहू.

रागावेन.

तुझा थोरला भाऊ,
सिप्रियन