पंचाचा जांभळा घाम

२० एप्रिल, रविवार

मला जांभळा घाम आला! लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आजची मॅच साधीच होती, खालच्या गटातली. ऊन असं की मैदानावर पापड भाजावेत. हाफटाइमला मान पुसली आणि रुमाल जांभळा! काखेत बघितलं. यंदा असोसिएशननं आम्हा पंचांना कोरे पांढरे टी-शर्ट दिलेत, त्याच्या दोन्ही काखा जांभळ्या. उरलेली मॅच कोपरं बरगड्यांना चिकटवून पळालो. फ्री किकला हात वर करायचा, तो खांद्यापर्यंतच नेला. एक खेळाडू म्हणाला, "सर, खांदा धरलाय व्हय?" हो म्हणालो.

पण जांभळाच का? हिरवा येऊ दे, गुलाबी येऊ दे, माझं काही म्हणणं नव्हतं. जांभळा म्हणजे जुना बुरूज तालमीच्या फुटबॉल संघाचा रंग! चार मेला फायनल आहे, बुरूज तालीम आणि सात विहीर मंडळ, जांभळे आणि पिवळे. शिट्टी माझ्याकडे! अकरा वर्षांत पहिली फायनल.

२१ एप्रिल, सोमवार

कागल एमआयडीसीत कामावर. स्टोअरमधला पंखा मुद्दाम बंद करून बसलो. घाम आला — पाण्यासारखा! आनंदानं डोळे भरून आले.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी मैदानावर सरावाला पळालो. जांभळा. म्हणजे घरी साधा, कामावर साधा, आणि मैदानात पाय पडला की जांभळा! मी मनातून बुरूजवाला आहे की काय?

शक्यच नाही. दोन्ही संघांच्या पेठांतला चहा मी अकरा वर्षांत प्यालेलो नाही. मॅचच्या दिवशी घरात वांगं नाही आणि वरणही नाही. लग्नातली हळदसुद्धा दोन बोटंच लावून घेतली होती, तेव्हा सासरे नाराज झाले होते. स्वप्नाली अजून ते काढते.

आईला सांगितलं. आईनं लगेच मीठमोहऱ्या ओवाळल्या. "बुरूजाच्या बायकांची नजर हाय ही, धैर्या. त्यांस्नी पंच आपला पायजे."

२४ एप्रिल, गुरुवार

राजारामपुरीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, पूर्णिमा मॅडम. हसल्या नाहीत, त्याबद्दल त्यांना शंभर मार्क.

म्हणाल्या, घामाला स्वतःचा रंग नसतो. बहुतेकदा रंग बाहेरून येतो. कपड्याचा, नाहीतर अंगाला लावलेल्या कशाचा तरी. कधी कातडीवरचे जंतू रंग करतात, कधी एखादं औषध. तांब्याचं काम करणाऱ्याला हिरवट-निळसर येऊ शकतो. घामाच्या ग्रंथींतूनच रंग येणं फार क्वचित.

"क्वचित म्हणजे कोल्हापुरात किती?"

"मी तरी अजून पाहिलेला नाही."

"आणि एखाद्या संघावर मनातून प्रेम असलं तर?"

तेव्हा मात्र हसल्या. दहा मार्क कापले. शेवटी म्हणाल्या, "मैदानावर जाताना जे जे अंगाला लागतं, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा."

२५ एप्रिल, शुक्रवार

टी-शर्ट घासला, शिट्टीची दोरी घासली, मोजे, बूट, पिवळं कार्ड, लाल कार्ड. फडकं पांढरंच. स्वप्नाली म्हणाली, "अहो, आता मलाबी घासून बघा." रागानं म्हणाली बहुतेक.

२७ एप्रिल, रविवार

आज सगळ्यांनी पाहिलं.

एका बाजूनं पेनल्टी मागितली, मी नाही म्हणून दोन्ही हात हलवले, आणि काखा उघड्या पडल्या. गॅलरीतून आधी एकच आवाज, "आरं, पंच जांभळा हाय!" मग सगळी गॅलरी, "पंच जांभळा! पंच जांभळा!" विहीरवाले मोबाइल काढून उभे. बुरूजवाले तर माझ्या नावानं शिट्ट्या मारायला लागले, "आमचा वाघ, आमचा वाघ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ एप्रिल, सोमवार

माझ्या काखेची रील निघाली. मागं हलगी लावलीय.

असोसिएशनचे सचिव उदयसिंह यांचा फोन आला. विहीर मंडळानं पंच बदला म्हणून अर्ज दिलाय. "धैर्यशील, तू सरळ माणूस, मला ठाऊक हाय. पर लोकांस्नी तुझी काख दिसती, मन न्हाय दिसत. चार दिवसांत रंग घालीव, न्हाईतर फायनल सोड."

जेवलो नाही. अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली. पण पक्षपाती कुणी म्हणालं नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार

सापडलं!!

किटच्या पिशवीत घामोळ्यांच्या पावडरचा लहान डबा असतो. मैदानात उतरण्याआधी मानेला, काखेला थापतो. पावडर पांढरीशुभ्र, म्हणून कधी संशयच आला नाही. आज ओल्या फडक्यावर टाकली आणि फडकं जांभळं!

डबा घेऊन आईपुढे उभा राहिलो. डबा आईनंच भरला होता, मोठ्या डब्यातली पावडर ओतून. रिकामा डबा टाकणं आईला जमत नाही.

"रिकामाच हुता की! रंगपंचमीला पोरांचा रंग उरलेला, त्यो ठेवला हुता त्यात. मग काढला. तळाला असंल चिमूटभर. तेवढ्यानं काय हुतंय?"

पक्का रंग. कोरडा असताना दिसत नाही, घामाशी गाठ पडली की फुलतो. आई! बुरूजाच्या बायकांना उगीच बोल लावला.

३० एप्रिल, बुधवार

उदयसिंहांच्या टेबलावर ओलं फडकं अंथरून प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांना पटलं. फायनल माझीच! विहीरवाल्यांना पटलं नाही. त्यांचा एकजण म्हणाला, "फडकं बी जांभळ्याचंच असंल." कट्ट्यावरचे लोक अजून मला बघून हात वर करतात.

३ मे, शनिवार

उद्या पावडर नाही. आंघोळ तीनदा करणार. रंग नाही, हे सगळ्यांना दिसलंच पाहिजे. मी कुणाचा नाही, हे दिसलंच पाहिजे.

४ मे, रविवार

दिसलं! घाम पाण्यासारखा, टी-शर्ट शेवटपर्यंत पांढरा. घामोळ्यांनी आग आग झाली, पण मी मुद्दाम हात उंच उंच करत पळालो. विहीरवाले तरीही डोळे लावून बसलेले. बुरूजच्या बाजूनं एक थ्रो दिला तर लगेच, "जांभळा! जांभळा!"

शून्य-शून्य. मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बुरूजचा अमरसिंह विहीरच्या पोराला आडवा गेला, पोरगं पडलं, मी शिट्टी मारून थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं. सगळं स्टेडियम आ वासून बघत राहिलं. जांभळ्या पंचानं जांभळ्यांवर पेनल्टी! गोल झाला. विहीर जिंकली. त्यांनी मला खांद्यावर घेतलं. उदयसिंह म्हणाले, "असला निःपक्षपाती पंच पेठेत झाला न्हाय." आईनं घरी पेढे वाटले.

अमरसिंह शेवटी भेटायला आला. डोळे लाल. म्हणाला, "सर, मला वाटलेलं पाय बॉललाच लागला. पर तुमी दिली म्हंजे त्या पोराला लागला असंल."

५ मे, सोमवार

बॉललाच लागला होता. मी चार हातांवर होतो. मला दिसलं होतं.