मंजुळेच्या फुप्फुसातील दाबाबाबत खुलासा

दिंडोशी, ४ जानेवारी

ती. सीतारामदादा यांस दशरथचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची नवी कवळी आणि गोठ्यातली मंडळी सगळं ठीक असावं. आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर शाबूत आहोत. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच 'बरां, बरां' म्हणता आणि माझे आकडे वाया जातात. म्हणून पत्र.

तुमच्या बहिणीला फुप्फुसातला रक्तदाब आहे असं मी गेल्या महिन्यात कळवलं होतं. (त्यावर तुम्ही 'ह्यो खयचो नवीन रक्तदाब?' असं विचारलंत. प्रश्न रास्त आहे.) शरीरात रक्ताच्या दोन लाइनी. एक अंगभर फिरते, दुसरी हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते. दंडाला पट्टा बांधून पहिलीचा दाब कळतो, दुसरीचा नाही. बोअरच्या लाइनीवर गेज लावून पालिकेच्या पाण्याचा दाब सांगणाऱ्याला मी एकोणतीस वर्षांच्या पंपदुरुस्तीत कधी हाताखाली ठेवलं नाही. तर मंजुळा जिना चढताना धापा टाकते हे मी हेरलं, रद्दीतून आणलेलं शरीरशास्त्राचं पुस्तक दोनदा वाचलं (पाने ८८ ते ९१ उंदरांनी खाल्ली आहेत) आणि शोध लावला की या दाबामागे बऱ्याचदा हार्मोनचा हात असतो. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. संशय इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर. पण गंमत अशी, की पुरुषाला झालाच तर तो त्याला जास्त जड जातो, म्हणजे तेच इस्ट्रोजेन बाईचं हृदय सांभाळतही असावं. एकाच वेळी चोर आणि रखवालदार! मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याचा पुरता उलगडा झालेला नाही. मी प्रयत्नात आहे.

पुराव्यासाठी मी तीन आठवडे मंजुळेबरोबर रोज जिना चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबून तिचे श्वास मोजले, वहीत लिहिले आणि वही घेऊन तिला अंधेरीच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई तरुण, पण ऐकून घेणाऱ्या. मी बारा मिनिटं इस्ट्रोजेनवर बोललो. त्या वहीकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होत्या.

"काका, हात नेहमी असेच थरथरतात?"

मी म्हटलं, विषयाचा आवेश आहे.

"आवेश कसला!" तुमची बहीण मधे पडली. "बशीत कप नाचतो यांचा! डिसेंबरात पंखा पाचवर. आणि डॉक्टर, जिन्यात माझे श्वास मोजायला थांबतात ना, तेव्हा कठडा धरून उभे असतात. मी पिशवी घेऊन पुढे जाते."

(संशोधक एका जागी स्थिर उभा राहतो, हे तिला कोण सांगणार?)

असो. बाईंनी दोघांचीही तपासणी केली. मंजुळेचं हृदय आणि फुप्फुसं झकास, हिमोग्लोबिन तेवढं साडेनऊ, म्हणून लोहाच्या गोळ्या. माझ्या इकोत (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत) मात्र फुप्फुसातला अंदाजे दाब निघाला अठ्ठावन्न! (पस्तीसच्या आत हवा.) रक्तात थायरॉइडचं हार्मोन भरमसाट. नाडी एकशे अठरा. गेल्या वर्षी सात किलो उतरलं ते मी शिस्तीच्या खात्यात टाकलं होतं, ते या हार्मोननेच पळवलेलं. बाकीची कारणं तपासून बाद झाल्यावर बाई म्हणाल्या, "काका, हार्मोनचं तुमचं बरोबर होतं."

दादा, हे वाक्य मी वहीत तारखेसह उतरवून घेतलं आहे. शाळेत नववीनंतर न गेलेल्या माणसाने फुप्फुसातला दाब ओळखला, त्याचं कारण हार्मोन हेही ओळखलं. एक हार्मोन आणि एक माणूस इकडचा तिकडे झाला, एवढंच. गोळ्या सुरू आहेत. थायरॉइडपायी चढलेला दाब उपचारांनी पुष्कळदा उतरतो असं बाईंचं मत आहे आणि मला ते पटतं. आता नाडी शहाऐंशी, कप बशीत स्थिर, आणि काल मी तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता गेलो. खाली सोसायटीच्या सेक्रेटरीला सगळा विषय समजावला. ते अर्ध्यातून निघून गेले, पण तोवर मुख्य मुद्दा झाला होता.

वहिनींना नमस्कार.

आपला,
दशरथ

ता. क. – वहिनींकडून कळलं की माझं मागचं पत्र वाचून तुम्ही देवळात मंजुळेच्या नावाने, तिला बरं वाटावं म्हणून, गाऱ्हाणं घातलंत. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे गावाला ठाऊक आहे. परंतु रोगीच बदलल्यामुळे नोंद चुकीची राहणं बरं नाही. तरी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी. दशरथ, बी विंग, चौथा मजला असं स्पष्ट म्हणायला सांगा. ए विंगमध्येही एक दशरथ आहे.

ता. क. २ – पुढचा इको अठरा तारखेला सकाळी साडेदहाला आहे. गाऱ्हाणं सतराच्या आत झालं तर बरं. रात्री झोप लागत नाही, हे मंजुळेला कळवू नये.

ता. क. ३ – तिचं नाव खोडू नका. माझं खाली घाला. हिमोग्लोबिन साडेनऊ म्हणजे कमीच.